हरल्याचं रान

तांबडं फुटलं तेव्हा धावीरगड अजून गळ्यापर्यंत धुक्यात बुडालेला होता. आधी बालेकिल्ल्यावरचं निशाण उजेडात आलं, मागून तटाच्या चर्या, त्यामागून एकेक बुरूज. नगारखान्यात चौघडा झडला, महादरवाजाचे अडसर करकरत निघाले, आणि पायथ्यापासून वळसे घेत वर येणारी दगडी पायऱ्यांची वाट माणसांनी भरून वाहू लागली. चैत्री पौर्णिमा होती, गडावरच्या मारुतीचा जन्म, आणि त्याच्याच पटांगणात सालाबादची कुस्त्यांची दंगल. मुलखात तेव्हा सकाळी एकाचा अंमल तर संध्याकाळी दुसऱ्याचा. घाटाखालचा सुभेदार तर या गडावर बोक्यासारखा टपूनच बसलेला. पण कुस्तीचा फड म्हटला की या लोकांना सुभेदार आठवत नसे आणि सासराही आठवत नसे. घर जळतंय तर जळो, आधी जोड बघून येऊ, अशी ही माणसं.

त्या चढत्या गर्दीतून एकच माणूस उलटा, खाली उतरत होता. रुंद खांदे, मोडके कान, डोईला साधं मुंडासं. लोक त्याला वाट देत होते आणि मागं वळून बघत होते, कारण आजची शेवटची, मानाची कुस्ती त्याची होती. त्याचं नाव केरबा. आधीची तीन पोरं सटवाईनं नेली म्हणून आईनं याला जन्मताच केरावर टाकून उचलला होता, तेव्हापासूनचं नाव.

तो आईलाच शोधत उतरत होता; ती मधल्या टप्प्यावर भेटली. ठकूबाईच्या डोक्यावर नेहमीसारखी लाकडाची मोळी होती.

"आजच्या दिवस तरी टाकायची हुतीस मोळी," केरबा चिडून म्हणाला.

"का? आज गडावर चुली पेटायच्या न्हाईत व्हय?"

"आण हिकडं."

"हात लावशील तर बघ! फडाच्या दिवशी वझं उचलतोस? खांदा भरला म्हंजे वस्ताद मला बोलंल." तिनं मोळी तटाला टेकवली, दम घेतला. "लाकडंबी आज धड न्हाईत. घोरपडीच्या घळीत गेलेच न्हाई मी. तिथं कुणाची तरी घोडी बांधल्यात, मायंदाळ. तोंडाला तोबरे, खुरांना फडकी. लमाण असतील."

"असतील," केरबा म्हणाला.

आता लमाणांकडं बैल असतात, घोडी नव्हेत, आणि जनावराच्या खुरांना कुणी हौसेनं फडकी बांधत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण केरबाच्या डोक्यात त्या वेळी दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. तो आईच्या टाळूकडं बघत होता. चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस कधीचे गेले होते, कातडं हाताच्या तळव्यासारखं झालं होतं. त्याचा बाप याच पायऱ्यांवर, अशाच मोळीखाली पाय घसरून मेला होता. आज जिंकणाऱ्याला किल्लेदाराच्या हातचं सोन्याचं कडं होतं, आणि कड्यासोबत गडाखालचं ओढ्याकाठचं काळंभोर रान. ते रान केरबा रोज उतरताना बघत होता.

"आये, ही शेवटची मोळी तुझी. आज ऐक माझं."

"बरं बाबा. मग जा, ईळ नगं लावू," म्हातारी म्हणाली, आणि मोळी पुन्हा स्वतःच उचलून त्याच्यापुढं चालायला लागली.

केरबा पैलवान झाला तोही लाकडापायीच. तालमीच्या चुलीला दूध आटवायला सरपण लागे, ते तो वाहून आणी; आणि हा पोरगा ओझं घेऊन गड चढतो तरी त्याला धाप लागत नाही, हे दावलजी वस्तादांच्या नजरेनं टिपलं. पहिल्या दिवशी वस्तादांनी त्याच्यापुढं दुधाचा तांब्या ठेवला. उभ्या जन्मात पोटभर दूध न बघितलेलं ते पोट, त्यानं ते जसंच्या तसं परत केलं. वस्ताद हसले नाहीत. "उद्या अर्धा पी," एवढंच म्हणाले. पुढं खुराकातले बदाम मुंडाशात बांधून आईला नेताना हाच केरबा पकडला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून बदाम दुप्पट केले. ठकूबाईचं मत मात्र, बदामाला लाकडाची चव येते, असंच शेवटपर्यंत राहिलं.

याच वस्तादांनी एकदा आपल्या लाडक्या पठ्ठ्याला तालमीच्या पायरीवरून ढकलून दिलं होतं. त्यानं नुरा कुस्ती केली होती, म्हणजे आतून संगनमत आणि वरून लढल्याचं सोंग. वस्तादांच्या तालमीत चोरीला माफी होती, दारूलाही एखादे वेळी असे, नुऱ्याला नव्हती. नुरा करणाऱ्याचा लंगोट काढून घ्यायचा, खुराक तोडायचा, आणि पुन्हा जन्मात त्यानं त्या मातीत पाय ठेवायचा नाही. तो पठ्ठ्या पुढं बाजारात हमाली करताना दिसे आणि केरबा रस्ता बदले.

केरबा तालमीत येऊन अंगाला तेल लावतो न लावतो, तोच सरनोबत जैतोजीराव स्वतः दारात उभे राहिले. किल्लेदार हणगोजीरावांचे हे सख्खे मेहुणे. गडाची शिबंदी, चौक्या, पहारे सगळं यांच्या हाताखाली. असा माणूस तालमीत येतो म्हटल्यावर पोरं लगबगीनं उभी राहिली.

"बसा, बसा," जैतोजीराव हसून म्हणाले. "पैलवान, आजची कुस्ती एकट्या तुमची नव्हे, धावीरगडाच्या इभ्रतीची आहे. शिदाप्पासारखा नामांकित मल्ल आम्ही मुद्दाम खर्च करून कर्नाटकातून आणवला, तो तुमच्या हातून चीत झालेला गडानं पाहावा म्हणूनच. कडं आणि रान आजच्या आज तुमच्या पदरात पडेल, याची जामिनकी आमची."

"सरकारांची मेहरबानी," केरबा वाकून म्हणाला.

"मात्र फार रेंगाळू नका. ऊन कडक आहे, रयत खोळंबते. हलगी एकदा थांबू द्या, मग बघा हा गड तुम्हाला खांद्यावर घेऊन कसा नाचतो ते!"

जैतोजीराव गेले. दावलजी वस्ताद दाढीवरून हात फिरवत त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. "सरनोबतांना कुस्तीचा एवढा पुळका कधीपासून आला, अल्ला जाणे," ते पुटपुटले. केरबा पुन्हा मांड्यांना तेल चोळायला लागला.

धावीरगडाच्या फडाच्या दोन रीती होत्या, आणि त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली ही, की मारुतीच्या पटांगणात हत्यार न्यायचं नाही. किल्लेदार असो की साधा शिपाई, तलवार, भाला, बंदूक सगळं देवळाच्या ओसरीवर उतरवून मगच आत बसायचं. दुसरी रीत हलगीची. मानाची जोड भिडली की हलगी सुरू होई ती कुणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत अखंड वाजत राही. गडाच्या पार टोकावरच्या पहारेकऱ्यालाही बसल्या जागी कळे, की अजून चाललंय. मधे कुणी फडात शिरलं, ओरडून कुस्ती अडवली, तरी हलगी तिथंच पडे आणि कुस्ती मोडली असं धरलं जाई.

दुपार कलली, लहानसहान जोडी सुटल्या, आणि केरबा हौद्यात उतरला. तेल, ताक आणि हळद घालून मळलेली ती लाल माती पायाला गार लागली. समोर शिदाप्पा, काळाकभिन्न, डोंगरासारखा, शांत डोळ्यांचा गडी. दोघांनी मूठमूठ माती एकमेकांच्या अंगावर टाकली, हात मिळवले. लखू हलगीवाल्यानं कातडं शेकून घेतलंच होतं; त्याची काडी पडली आणि पटांगण गर्जून उठलं.

पहिल्या झटापटीतच केरबाला काहीतरी खटकलं. शिदाप्पाच्या अंगात ताकद होती, खोटी नव्हे. पण ती ताकद ऐन वेळी मागं सरत होती. केरबानं पट काढला तर त्याचा पाय सहज हातात आला. सोडून पुन्हा भिडला, तर त्यानं बगल उघडी टाकली. तिसऱ्यांदा तर तो आपणहून वळला आणि पाठ द्यायला लागला. असला मल्ल पोराटोरांसारखी चूक करतो? एक झोळी मारायची आणि संपलं! आईची मोळी उतरली! लोक उभे राहून ओरडत होते, "घे! घे! मार!"

केरबानं त्याला मिठीत धरलं आणि कानाशी तोंड नेलं.

"पाठ का देतोस रं?"

"घे की," शिदाप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "हुकूम हाय. लवकर पडायचं."

"कुणाचा हुकूम?"

"ज्यानं आणलं त्याचा. मला तरी कुठं बरं वाटतंय? पोरंबाळं हाईत घरी. घे, तुझं कल्याण हुतंय."

केरबाचं टाळकं तापलं. नुरा! माझ्याशी, माझ्याच मातीत! त्यानं संतापून शिदाप्पाला खाली दाबलं, स्वतः गुडघ्यावर आला, आणि मान वर करताना त्याची नजर पुढच्या रांगेत गेली. तिथं गोंदजी नाईक बसला होता, शेंगा फोडत.

गोंदजी म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या चोरदिंडीचा, तटातल्या आडबाजूच्या लहान दाराचा, पहारेकरी. त्या दिंडीखेरीज त्याला जग नव्हतं. सख्ख्या लेकीच्या अक्षता त्यानं दिंडीवरूनच टाकल्या होत्या, कारण पहारा सोडायचा नाही. हा गोंदजी आज फडात येऊन बसतो, म्हणजे त्याला कुणीतरी वरच्यानं हुकूम देऊन उठवलाय. मग दिंडीवर कोण आहे?

आणि दिंडीच्या खाली घोरपडीची घळ. घळीत घोडी. तोंडाला तोबरे, खुरांना फडकी.

सगळा गड इथं, सगळी हत्यारं ओसरीवर. आपला माणूस जिंकला की लोक बेभान होऊन हौद्यात उड्या टाकणार, गुलाल उधळणार, आपल्याला खांद्यावर घेऊन नाचणार. त्या गोंगाटात दिंडी उघडली तरी बिजागरीचा आवाज कुणाला ऐकू यायचाय? 'हलगी एकदा थांबू द्या.' म्हणजे हलगी थांबणं हीच खूण. आपल्याला जिंकून द्यायचं ते एवढ्यासाठी. किल्लेदाराच्या मांडीला मांडी लावून बसलेला सख्खा मेहुणा, तोच घर फोडत होता.

ओरडावं? ओरडलं तर फड मोडला, हलगी पडली, दिंडी उघडली. जिंकलं तरी तेच, हरलं तरी तेच. इकडं आड, तिकडं विहीर. एकच गोष्ट हातात होती, हलगी वाजती ठेवायची. आणि त्यासाठी जे करायचं होतं त्याला या मातीत एकच नाव होतं.

त्यानं खाली दाबलेल्या शिदाप्पावरची पकड सैल सोडली आणि त्याला उठू दिलं.

पटांगणात एकदम गलका झाला. एकदा झालं, लोकांनी हळहळून कपाळावर हात मारले. दुसऱ्यांदा हातातला गडी सुटला तेव्हा कुजबुज उठली. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतून आरोळी आली, "नुरा! नुरा चाललाय!" आणि बघता बघता सारं पटांगण तेच ओरडू लागलं. एक शेणानं माखलेलं पायताण केरबाच्या तोंडावर येऊन बसलं. याच लोकांनी सकाळी त्याला वाट दिली होती. शिदाप्पा गोंधळून बघत होता. पाडायचंही नाही आणि पडायचंही नाही, हा कुठला प्रकार, त्याला समजेना.

दावलजी वस्ताद हौद्याच्या काठावर दगडासारखे उभे होते. केरबा सरकत सरकत काठाशी आला आणि पाठ करून म्हणाला, "वस्ताद, माती टाका."

घामानं अंग निसरडं झालं की वस्तादानं पठ्ठ्याच्या पाठीवर कोरडी माती टाकायची, एवढी मुभा रीतीत होती. दावलजींनी दोन्ही हातांनी माती उचलली आणि मारावी तशी त्याच्या पाठीवर मारली.

"हरामखोर! माझ्या हौद्यात नुरा? मी तुला दूध पाजलं!"

"गोंदजी म्होरं बसलाय," केरबा ओठ न हलवता म्हणाला. "दिंडीवर कोण हाय? हलगी पडली की दिंडी उघडत्यात."

वस्तादांनी वर पाहिलं की नाही, हे केरबाला दिसलं नाही. त्याला फक्त गालावर बसलेली फाडकन एक थप्पड कळली. "आजपासून तू माझा कुणी नाहीस!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून दावलजी वस्ताद खांद्यावरचा शेला झटकून फडातून चालते झाले, आणि त्यांच्या मागोमाग तालमीची सगळी पोरं माना खाली घालून निघून गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या. वस्ताद असावा तर असा!

त्यांना समजलं होतं की ते खरोखरच विटून गेले होते? ते शब्द त्यांच्या कानात शिरले का? शिरले तरी पटले का? विचारायची सोय नव्हती. एवढंच ठाऊक, की लखूची काडी अजून पडतेय तोवर गड आपला आहे.

तिकडं किल्लेदार हणगोजीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "जैतोजी, हा काय तमाशा चालला आहे? आमच्या देखत गडाची बेअब्रू? फड मोडून टाका."

जैतोजीरावांनी सूर्याकडं पाहिलं. घळीतली माणसं ताटकळली होती. फड असा मोडला तर रयत वैतागून ओसरीकडं वळणार, हत्यारं उचलणार. त्यांना धुंदी हवी होती, वैताग नको होता; आणि नुरा करणारा चीत झाला तरी लोक बेभान होऊन नाचतीलच, असा त्यांचा हिशेब होता.

"दाजीसाहेब, मारुतीच्या फडात अर्ध्यावर कुस्ती सोडवणं हा अपशकुन होईल. थोड्या सबुरीनं निकाल लागू द्यावा," ते अदबीनं म्हणाले. आणि पुढं होऊन मोठ्यानं पुकारले, "शिदाप्पा! खेळ पुरे. हा पाठ लावत नसेल तर तू लाव याची. कडं तुझं!"

शिदाप्पाचे डोळे चमकले. इतका वेळ कोंडून ठेवलेलं पाणी सुटावं तसा तो सुटला. आता मात्र ती खरी कुस्ती होती, आणि केरबाला दमानं घ्यायला मुळीच जागा नव्हती. पहिल्या धडकेत तो चार हात मागं गेला. दुसऱ्या डावात शिदाप्पानं त्याचा उजवा हात मागं घेतला आणि पिरगळला; खांद्यात वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. लोक एकदम गप्प झाले. नुऱ्यात हात मोडत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"सोड, गड्या. पड आता," शिदाप्पा त्याच्या कानात म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती. "जाईल जीव."

"न्हाई."

"आरं कशासाठी?"

सांगावं आणि यानं दचकून पकड सोडली तर? एका हाताचा गडी तो, त्याला शिदाप्पानं उचलला आणि उताणा टाकला. पण पाठ टेकायच्या आत केरबानं मान रोवली. टाळू मातीत, टाचा मातीत, आणि मधलं सगळं अंग कमानीसारखं हवेत. वर शिदाप्पाचं ओझं. छाती फुटायला आली, मानेच्या शिरा ताठल्या, तोंडात माती आणि रक्त एक झालं. आईनं जन्मभर टाळूवर पेललेल्या मोळ्या त्याला आठवल्या. अजून थोडं. अजून. लखूच्या बोटांतून रक्त यायला लागलं होतं, तरी रीत म्हणून त्याची काडी थांबत नव्हती. केरबाला जग उलटं दिसत होतं. उलटी माणसं, उलटं देऊळ, उलटा मारुती. पाठ आणि माती यांच्यात आता वीतभरही अंतर नव्हतं.

आणि त्या उलट्या जगात, हौद्याच्या काठावर, दोन ओळखीचे पाय येऊन थांबले. पांढरी दाढी. फाटलेला शेला. हातात तालमीतलं मुद्गल, त्याच्या टोकाला रक्त.

दावलजी वस्ताद खाली वाकले.

"सोड, बेटा. दिंडी आपली आहे."

केरबानं मान सोडली. पाठ मातीला लागली, आणि हलगी थांबली.

धावीरगडावर त्या क्षणी जी शांतता पसरली तशी पुन्हा कधी पसरली नसेल. कुणी हौद्यात उडी टाकली नाही, कुणी गुलाल उधळला नाही. जैतोजीराव मात्र उभे राहिले, पश्चिमेकडं कान लावून, ओठांवर हसू घेऊन. ते वाट बघत होते. हाकारा आला, पण तो त्यांच्या माणसांचा नव्हता. "बजरंगबली की जय!" अशी तालमीच्या पोरांची आरोळी दिंडीवरून उठली, पाठोपाठ तटावरून दगडधोंडे घळीत कोसळल्याचा गडगडाट आणि घोड्यांचं खिंकाळणं ऐकू आलं. सरनोबतांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. ते ओसरीकडं धावले, तर तिथं हत्यारांपुढं तालमीतले पैलवान मुद्गलं खांद्यावर घेऊन उभे होते.

"किल्लेदारसाहेब," दावलजी वस्ताद म्हणाले, "दिंडीवर आपला पहारा नव्हता, सरनोबतसाहेबांचा होता. पोरांनी मुसक्या बांधून ठेवलाय. विचारून घ्यावं."

विचारायची फारशी गरज पडली नाही. गडी हत्यारं उचलून तटावर पोचले तेव्हा घळीतली सुभेदाराची माणसं वाट फुटेल तिकडं पळत होती.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. जैतोजीरावांना बेड्या पडल्या होत्या. बहिणीनं रात्रभर पदर पसरला म्हणून त्यांचा कडेलोट टळला, पण उरलेला जन्म त्यांनी अंधारकोठडीत काढला. मुसक्या बांधलेला शिदाप्पा एका कोपऱ्यात उभा होता. केरबा आला तो हात गळ्यात बांधून.

हणगोजीराव गादीवरून उठले. भर सदरेत किल्लेदार पैलवानासाठी उठतो, हे कुणी पाहिलं नव्हतं. "केरबा, गड तुम्ही राखला. हे कडं तुमचं. हात पुढं करा."

केरबानं हात पुढं केला नाही. "कसूर माफ असावी, सरकार. पाठ माझी लागली. कडं शिदाप्पाचं हाय."

"तो फितुरांनी आणलेला माणूस आहे."

"त्याला डाव ठावं न्हवता. आन् शेवटाला तो खरा लढला, सरकार. माझा हात बघा की."

सदरेत हसू फुटलं, आणि ते हसू थांबायच्या आत शिदाप्पा ढसाढसा रडायला लागला. त्याच्या मुसक्या सुटल्या, कडं त्याच्या हातात चढलं. मग दावलजी वस्ताद पुढं आले आणि केरबासमोर उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते.

"लंगोट दे," ते म्हणाले.

"वस्ताद!" किल्लेदार चकित होऊन म्हणाले. "यानं गड वाचवला, आणि तुम्ही..."

"गड सरकारांचा, सरकारांनी त्याची कदर करावी. हौदा माझा आहे. हातातला गडी यानं तीनदा सोडला, साऱ्या मुलखानं बघितलं. आज याला कारण होतं म्हणून माफ केलं, तर उद्या प्रत्येक नुऱ्याला कारण सापडेल." एवढं बोलून वस्तादांचा धीर सुटला. त्यांनी केरबाला धरलं, जपून, मोडका खांदा सांभाळून, आणि भर सदरेत लहान मुलासारखे हुंदके दिले. केरबानं कमरेच्या गाठोड्यातून धुतलेला लंगोट काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यानं घरूनच सोबत आणला होता.

"मग मागा तरी काहीतरी," हणगोजीराव म्हणाले. "या गादीला ऋणात ठेवू नका."

"ओढ्याकाठचं रान," केरबा म्हणाला. "जिंकल्याचं म्हणून नगं. नुसतं द्या. आई म्हातारी झालीया."

संध्याकाळी तो गड उतरला. ठकूबाई ओढ्याकाठी, त्या काळ्या रानाच्या बांधावर बसली होती. डोक्यावर काही नव्हतं, म्हणून हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. कुणीतरी तिला येऊन सगळं सांगितलं होतं, अर्थात अर्धवटच.

"हरलास म्हणं?"

"हरलो."

"पाठ लागली?"

"लागली."

"आन् लंगोटबी गेला?"

"गेला."

म्हातारीनं वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरून बघितली, नाकाशी नेली. "मग ह्ये रान कशाचं रं?"

"हरल्याचं," केरबा म्हणाला.

ठकूबाईनं त्याच्या बांधलेल्या हाताकडं बघितलं, मग पदरानं त्याच्या गालावरची वाळलेली माती पुसली. "बरं हाय," ती म्हणाली. "काळी हाय. जुंधळा चांगला येईल."

केरबाचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. दूरदूरच्या बाजारात कित्येक वर्षं त्याला 'नुरा केरबा' म्हणून हाक मारणारे भेटत, आणि तो ती हाक ऐकून घेई, कारण कुणाकुणाला सांगत बसायचं? मात्र दर चैत्री पौर्णिमेला धावीरगडावर मानाची जोड लागण्याआधी दावलजी वस्ताद स्वतः पायऱ्या उतरून ओढ्याकाठी येत, त्या रानातली टोपलीभर माती घेत आणि नेऊन हौद्यात मिसळत. केरबानं त्या हौद्यात पाय ठेवायचा नव्हता. त्याच्या मातीनं जाऊ नये असं कुठल्याच रीतीत लिहिलेलं नव्हतं. दंगलीच्या दिवशी केरबा बांधावर बसून राही. वरून हलगी ऐकू येई, आणि ती वाजत असेतोवर त्याच्या तोंडात घास जात नसे. थांबली की मग तो भाकरीचं फडकं सोडी.